वजाबाकी दहाने कमी येते: तिसरीच्या गृहपाठाच्या नोंदी

मी नवी मुंबईत, रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. तिथे काही बंद पडलं की तारीख, बिघाड, कारण, काय केलं आणि किती वेळ गेला हे रजिस्टरला लिहावंच लागतं. तीच सवय घरी लावली. घर कोपरखैरणेला, माथाडींच्या वसाहतीत, वन रूम किचन. माणसं चार: मी, बायको (मेडिकलच्या काउंटरला असते), आबा म्हणजे माझे वडील (कांदा-बटाटा मार्केटातून निवृत्त झालेले माथाडी) आणि तिसरीतली मुलगी, जिला इथे छोटी म्हणतो. शाळा मराठी माध्यमाची, दुपारची, साडेबारा ते साडेपाच. खालच्या मजल्यावर तिच्याच वर्गातली दोन मुलं आहेत. त्यांच्या घरचे विचारत होते, म्हणून वहीतलं नीट उतरवून देतोय.

७ जुलै २०२५, सोमवार

गृहपाठ: शुद्धलेखन एक पान, वजाबाकीची दहा गणितं, परिसर अभ्यासाचे तीन प्रश्न. जेवणं आटपून नऊला बसलो. उठलो पावणेअकराला, तेही रडारडीने.

आज मोबाइलवर वेळ लावून बसलो होतो. पेन्सिल प्रत्यक्ष कागदावर चालली तो वेळ चाळीस मिनिटंसुद्धा भरला नाही. बाकीचा कुठे गेला? पेन्सिल शोधण्यात, टोक काढण्यात, काढलेलं टोक मोडण्यात. फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणलं होतं, म्हणून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पान मागण्यात, आणि तिथे आधी सगळे शुभ रात्रीचे गुलाब ओलांडण्यात. खोडरबराने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. साडेनऊपर्यंत आबांची मालिका चालू, ती निराळीच.

केलं: संध्याकाळीच पाच पेन्सिलींना टोक काढून डब्यात ठेवायचं. ग्रुपवर पानाचा फोटो साडेसहाला मागायचा, रात्री नाही. एवढ्यानेच दुसऱ्या दिवशी फरक पडला.

१० जुलै, गुरुवार

अभ्यासाचं घडीचं टेबल आणलं, वाशीहून, ११५० रुपयांचं. फुकट गेले. जमिनीवर पाय पसरून लिहिणारी मुलगी टेबलापाशी बसली की पाच मिनिटांत टेबलच्या घड्या घालायला लागते. सध्या त्यावर मिक्सर आहे.

खरी अडचण उजेडाची होती. ती ट्यूबलाइटकडे पाठ करून बसायची आणि स्वतःची सावली वहीवर पाडायची, मग वाकून वाकून लिहायची. उजव्या हाताने लिहिते, म्हणून उजेड डावीकडून येईल अशी भिंतीकडे वळवून बसवली. खाली चौरंग. खर्च काही नाही. टेबल आणण्याआधी हे बघितलं असतं तर बरं झालं असतं. कुणाला टेबल हवं असेल तर सांगा, मिक्सर उचलून ठेवतो.

१४ जुलै, सोमवार

ही नोंद लांब आहे, पण याच्याचसाठी ही वही चालू ठेवली म्हटलं तरी चालेल.

जून अख्खा “लक्ष दे, लक्ष दे” म्हणण्यात गेला. दहातली पाच-सहा वजाबाक्या चुकायच्या, मी खोडायला लावायचो, परत करायला लावायचो, परत चुकायच्या. आज खोडू दिलं नाही. चुकलेली सगळी एका खाली एक मांडली:

५२ − २७ = १५
८१ − ३६ = ३५
६४ − २८ = २६

बरोबर उत्तरं २५, ४५, ३६. तिन्ही ठिकाणी दहाच कमी. मागची पानं चाळली. जिथे दशक फोडावा लागत नाही, तिथे एकही चूक नाही. ६८ − २५ बिनचूक. जिथे फोडावा लागतो तिथे हमखास दहाने कमी. लक्ष नसणाऱ्याची चूक अशी नसते, ती कधी इकडे जाते, कधी तिकडे. ही मुलगी काहीतरी एक चुकीचं काम अगदी इमानदारीत, दर वेळी, न विसरता करत होती.

म्हटलं, मला तोंडाने सांगत कर. तिने केलं:

“दोनातून सात जात नाहीत. पाचाकडून एक घेतला, पाचाचे चार झाले. बारातून सात गेले, राहिले पाच. आता हातचा एक. दोन आणि एक तीन. चारातून तीन गेले, राहिला एक.”

“हातचा कुठला गं? एकदा पाचाचे चार केलेस ना?”

“ते बाईंचं. हातचा आबांचा.”

१५ जुलै, मंगळवार

आबांना बसवून त्यांची पद्धत समजून घेतली. मला स्वतःला ती धड माहीत नव्हती, मी शाळेत उसने घेऊन शिकलोय. आबा वरच्या आकड्याला हातच लावत नाहीत. वर दोनाचे बारा करतात आणि त्याबद्दल खालच्या दशकात एक हातचा मिळवतात: बारातून सात गेले पाच, खाली दोनाचे तीन, पाचातून तीन गेले दोन. पंचवीस. यात काही जादू नाही. वरच्या संख्येत दहा वाढवले, खालच्या संख्येतही दहा वाढवले, म्हणजे ५२ − २७ च्या जागी ६२ − ३७ चाललं आहे. फरक तोच राहतो.

बाईंच्या पद्धतीत वरचा एक दशक सुटा करायचा: पाचाचे चार दशक, दोनाचे बारा एकक. खालच्या संख्येला काहीही करायचं नाही.

छोटीने दोन्ही केलं. वरचा दशकही कमी केला आणि खाली हातचाही दिला. दहा दोनदा गेले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचं तिसरंच. ती काउंटरवर सुटे परत देते तसं करते: सत्तावीसपासून तीसपर्यंत तीन, तीसपासून पन्नासपर्यंत वीस, वर दोन, झाले पंचवीस. कागद लागत नाही. म्हणजे एका खोलीत वजाबाकीच्या तीन पद्धती, तिन्ही बरोबर, आणि मधे बसलेली आठ वर्षांची मुलगी सगळ्यांचं थोडं थोडं ऐकणारी.

ठरवलं: हिचा हात बसेपर्यंत घरात फक्त बाईंची पद्धत. आबांना लागलं. “पोत्यांच्या हिशेबात मुकादमाची चूक मी काढायचो, माझं कधी चुकलं नाही.” खरं आहे, चुकत नाहीच. मी म्हटलं, “आबा, तुमचं बरोबरच आहे. तिला दोन्ही एकदम झेपत नाही.” ते चप्पल घालून चहाला खाली गेले. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा कळलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

नुसतं “हातचा देऊ नकोस” सांगून भागलं नाही. लिहिताना हात आपोआप जायचा. म्हणून खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडल्या, दहा-दहाच्या जुड्या करून रबरबँड लावले. आगपेटीच्या काड्या घेऊ नका, बोटं काळी होतात आणि जेवताना तोंडात जातात.

५२ म्हणजे पाच जुड्या, दोन सुट्या. यातून सत्तावीस मला दे. तिने दोन सुट्या दिल्या, थांबली, एका जुडीचा रबरबँड काढला. मी विचारलं, आता माझ्याकडे आणखी एक जुडी हातचा म्हणून द्यायची का? “का द्यायची? तुम्ही सत्तावीसच मागितल्या.” झालं.

काड्यांवर चार-पाच दिवस काढले, मग काड्या समोर ठेवून वहीत, मग नुसती वही. घाई केली की हातचा परत यायचा. जुलैअखेर बंद झाला.

२५ जुलै, शुक्रवार

नवा बिघाड. ३०५ − १४८ चं उत्तर १४७ आणलं, हवं १५७. तोंडाने करायला लावलं. एककाला कमी पडलं म्हणून ती शेजारी गेली, तिथे शून्य. मग शून्याला ओलांडून थेट तीनाकडून घेतला, तीनाचे दोन, पाचाचे पंधरा. पंधरातून आठ गेले सात. दशकात शून्यातून चार जात नाहीत, म्हणून उलटं करून चारातून शून्य, चार. दोनातून एक गेला, एक.

इथे काड्या कमी पडतात, शंभर काड्या कोण तोडत बसणार. खेळण्यातल्या नोटा आणल्या, स्टेशनरीच्या दुकानात ३० रुपयांना पुडकं. तीन शंभरच्या नोटा, पाच रुपये सुटे. आठ रुपये दे. तिने शंभरची नोट पुढे केली. बायको मधेच, “सुटे द्या, शंभरचे रुपये नाहीत माझ्याकडे, दहाच्या नोटा आहेत.” मग शंभरच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा झाल्या, त्यातल्या एकीचे सुटे रुपये झाले, नऊ तिथेच राहिल्या. शून्याच्या डोक्यावर नऊ कुठून येतो हे मला शाळेत कुणी दाखवलं नव्हतं, मी नियम म्हणून लिहायचो. काउंटरच्या माणसाला ते सांगावं लागत नाही. हा विषय तेव्हापासून बायकोकडे दिलाय.

३० जुलै, बुधवार

आबांचा राग गेला, कारण अंक सांगून लिहून घेण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी “सदतीस” म्हटलं की हिने ७३ लिहिलं. कारण सरळ आहे: आपल्याकडे नावात एकक आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र दशक आधी. एकोण- वाल्यांचं आणखी वेगळं. एकोणपन्नास ऐकलं की पन्नासावर हात जातो आणि ५९ होतात. ७९, ८९ पर्यंत एकोण, आणि ९९ ला अचानक नव्व्याण्णव.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात “वीस एक”, “तीस सात” असं वाचायची सोय दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जोडाक्षरांची अवघड नावं मुलांना गणितापासून दूर नेतात. तेव्हा मोबाइलवर आलेले विनोद मीही पुढे ढकलले. आता रात्री ७३ समोर बघताना त्यांचं म्हणणं पटतं.

केलं: आबा “सदतीस” म्हणतात, ती “तीस सात” असं पुटपुटते आणि लिहिते. आबांना पहिल्यांदा हे बाटवल्यासारखं वाटलं, पण नाव ते जुनंच सांगतात, म्हणून चालवून घेतात. एकोण- साठी एकच प्रश्न: कुणाला एक कमी? पन्नासला. मग पन्नासच्या आधी कोण?

१ ऑगस्ट, शुक्रवार

अर्धी रजा टाकून बाईंना भेटलो. कारण खोडरबर. चूक दिसली पाहिजे म्हणून मी खोडायचं बंद केलं, तर वहीवर लाल शेरा आला, “स्वच्छता ठेवावी.” बाईंचं बरोबर आहे, त्यांना एवढ्या वह्या तपासायच्या असतात. त्यांनीच तोड काढली: कच्चं काम पाटीवर किंवा रफ वहीत, पक्कं वहीत. पाटी ७० रुपये, चौकटीची वही ३५ रुपये. चौकटीच्या वहीने एकक-दशकांचं एकमेकांच्या अंगावर जाणंही थांबलं.

दुसरं विचारलं, किती वेळ बसवायचं? २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास असं आहे. आमच्याकडे तेवढे दोन रात्रीत संपतात. बाई हसल्या, म्हणाल्या, “निम्मे पालक जास्त द्या म्हणून येतात.” मग म्हणाल्या, अर्ध्या तासात होईल तेवढं करा, उरलेलं तसंच ठेवा, खाली सही करा. मला कळू दे तिला काय येत नाही. हे जूनमध्ये विचारलं असतं तर महिनाभराची रडारड वाचली असती. बाकीच्या पालकांना सांगतो: आधी विचारा. सगळेच हो म्हणतील असं नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

परिसर अभ्यास, आपला जिल्हा. ठाणे जिल्ह्यातले तालुके लिहा. मी न बघता सांगितले: डहाणू, जव्हार, वसई, मोखाडा... लिहूनही झाले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, ते सगळे तिकडे गेले. माझी शाळा त्याच्या आधीची. ठाण्यात आता सात: ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ. अख्खं पान परत.

पुढचा प्रश्न, तुमच्या घरी पाणी कुठून येतं? आबा म्हणाले विहिरीतून (त्यांचा परिसर अजून साताऱ्यातच आहे). बायको म्हणाली गच्चीतल्या टाकीतून. नवी मुंबईला पाणी मोरबे धरणाचं, धरण रायगड जिल्ह्यात आणि मालकी नवी मुंबई महापालिकेची. छोटीला हे फार आवडलं, की आपलं धरण दुसऱ्याच्या जिल्ह्यात आहे.

तेव्हापासून नियम: परिसर अभ्यासात मोठ्यांनी पाठ असलेलं सांगायचं नाही, आधी तिचं पुस्तक उघडायचं.

११ ऑगस्ट, सोमवार

बायकोने एक साधी गोष्ट विचारली: शाळा दुपारची आहे, तर अभ्यास रात्री का? उत्तर एवढंच की मी रात्री घरी असतो. मुलगी सहाला येते, साडेसातपर्यंत खाली खेळते, जेवते आणि नऊला तिचे डोळे मिटायला लागतात. तेव्हा आम्ही वही उघडतो.

वाटणी केली. शुद्धलेखन, पाढे, उतरवायचं काम सकाळी साडेआठला आबांबरोबर. रात्री फक्त गणित, जेवणाआधी, वीस मिनिटं. आबांनी मालिकेचा आवाज बंद ठेवायचं कबूल केलं, चित्र चालू.

पहिला आठवडा वाया. शुद्धलेखन एकदम सुंदर यायला लागलं, वळणदार, जुन्या पद्धतीचा ‘ल’ आणि ‘श’. पान आबाच लिहीत होते. “पोरीचा हात दुखत होता.” तिघांनी बसून ठरवलं, हात दुखला तर पाच ओळी, पण त्या तिच्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने शाळेला सुट्टी. अभ्यास बंद. भजी.

८ सप्टेंबर, सोमवार

गणपतीला गावी गेलो होतो. सुट्टीचा गृहपाठ दप्तरात तसाच राहिला, दप्तर घरी राहिलं. परत आल्यावर एकाच रात्री उरकायला बसलो आणि जुलैसारखंच झालं, अकरा वाजले, खोडरबर, रडणं, माझा आवाज चढलेला. वीस मिनिटांचा नियम मीच मोडला. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर सही करून पाठवलं. बाईंनी काही म्हटलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाढे. आबांचं खातं, म्हणून सकाळचं काम. साताचा पाढा ती झोपेतही म्हणेल, पण “सात सक किती?” विचारलं की गाडी सात एके सातपासून सुटते आणि सकाला येऊन थांबते. आठवड्याच्या शेवटी मी तक्रार केली, तर आबांनी स्वतःच उपाय काढला. मार्केटात कुणी पाढा पहिल्यापासून म्हणत नाही, जवळची खूण धरतो. सात पंचे पस्तीस तिला पक्कं. त्यात एक सात मिळव, बेचाळीस. सात दाहे सत्तर पक्कं, त्यातून सात काढ, त्रेसष्ट. खुणा तीनच: दुणे, पंचे, दाहे. बाकीचे त्यांच्या अलीकडे-पलीकडे. हे मला कारखान्यात कुणी सांगितलं असतं तर तेव्हाच लिहून घेतलं असतं.

आता आबांना दिडकी आणि अडीचकीही (दीडाचा आणि अडीचाचा पाढा) शिकवायची आहे. पुढच्या वर्षी बघू म्हटलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

सहामाही तोंडावर. आजची स्थिती: रात्रीचं गणित वीस-पंचवीस मिनिटं, रडणं क्वचित. दशक फोडायची वजाबाकी बसली, मधे शून्य आला तर अजून एखादी चुकते. खर्च: टेबल धरून तेराशेच्या आत, टेबल न धरता दीडशेच्या आत. अर्धी रजा.

अजून सुटलेलं नाही: रफार. ‘सूर्य’ मध्ये र आधी ऐकू येतो म्हणून रफार सूवर जातो, ‘गर्दी’ मध्ये गवर. टाळ्या वाजवून तोडून बघितलं, रंगीत पेन्सिलीने बघितलं, आबांनी दहा-दहा वेळा लिहून घेतलं. दहाही वेळा चुकीच्या अक्षरावर, पण अक्षर छान. खालच्या मजल्यावरच्या मुलाला हे जमतं. त्याच्या आईला कसं शिकवलं ते विचारलंय, ती म्हणाली, “मी नाही शिकवलं, त्याचं त्यालाच आलं.” दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा हात घालणार. या वेळी दप्तर गावी न्यायचं आहे.